ठिणगी नेमकी कुठे हरवते? रायगड किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्या आणि कारण शोधण्याचा इतिहास

पेटची किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करत असाल, तर संशोधन पद्धतीच्या पेपरात ‘कार्यकारणभाव’ हा शब्द तुम्हाला दर दोन पानांवर भेटत असेल. व्याख्या पाठ होते, उदाहरणंही पाठ होतात. मग प्रत्यक्ष साधनांपुढे बसलात की लक्षात येतं की कारण कुठे लेबल लावून ठेवलेलं नसतं. परिणाम दिसतो, तोही कधी दिसतो तर कधी गायब होतो.

म्हणून आज एक विषय घेऊ, जो कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. जुनी पेट्रोल गाडी रस्त्यात अचानक बंद पडते. अर्ध्या तासाने काहीही न करता सुरू होते. गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी वागते. हा बिघाड इग्निशनचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचा असेल, तर तो कसा शोधायचा? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, हा इतिहासाचा विषय कसा काय?

‘तंत्रज्ञानाचा इतिहास’ म्हटलं की आपण शोधांच्या तारखा लिहितो. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने २००६ साली ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात याला हरकत घेतली. यंत्राचा इतिहास म्हणजे ते वापरणं, सांभाळणं आणि दुरुस्त करणं, हा त्याचा मुद्दा. भारताला हा मुद्दा जास्तच लागू पडतो, कारण आपल्याकडे शोधापेक्षा दुरुस्तीचा काळ फार मोठा आहे.

गाडी कोणती, आणि ती इतकी वर्षं कशी टिकली?

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. पुढे ११०० डी म्हणजे आपल्याकडची ‘डिलाइट’ आली, आणि तिचंच नाव १९७०च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. ११०० डी हे मॉडेल इटलीत १९६६ मध्येच बंद झालं होतं. कुर्ल्यात मात्र पद्मिनी विसावं शतक संपेपर्यंत निघत राहिली.

याचं कारण इंजिनात नाही, धोरणात आहे. १९५०च्या दशकात सरकारने ठरवलं की नुसती सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्यांना जागा नाही, इथे भाग बनवावे लागतील. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून चालू होता, तो याच काळात बंद झाला. मैदानात उरले मोजके उत्पादक. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे. मिळालेली गाडी मग कोण टाकून देणार? ती बापाकडून मुलाकडे जायची, मुंबईत टॅक्सी म्हणून झिजायची, आणि कित्येक गाड्या शेवटी किनाऱ्यावरच्या गावी यायच्या.

रायगड किनारा, म्हणजे १९८१ पर्यंतचा कुलाबा जिल्हा, मुंबईहून समुद्राने डोळ्यांसमोर आणि रस्त्याने लांब. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाल्यावर मुंबई-पनवेल रस्ता जवळ आला आणि पुढे पेण, वडखळमार्गे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे मोटारींची वर्दळ वाढली. १९६४ च्या कुलाबा जिल्हा गॅझेटिअरमध्ये तुम्हाला रस्ते सापडतील, फेऱ्या सापडतील. गाडी वडखळच्या पुढे का बंद पडली, हे मात्र कुठल्याच गॅझेटिअरमध्ये सापडणार नाही. संशोधनाचा प्रश्न इथेच सुरू होतो. ज्या गोष्टीची नोंद करायची कुणाला गरज वाटली नाही, तिचा इतिहास कशावरून लिहायचा?

ठिणगी पडते कशी?

थोडं यंत्र समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

या गाड्यांतली पद्धत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९१०च्या सुमारास रूढ केलेली. बॅटरीचे १२ व्होल्ट किल्लीच्या स्विचमधून कॉइलमध्ये जातात. कॉइलच्या आत दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेची, एक बारीक तारेची. जाड तारेतून वाहणारा प्रवाह डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटमधून बॉडीला, म्हणजे अर्थला जातो. पॉइंट उघडले की प्रवाह झटकन तुटतो. तो तुटतो त्या क्षणी बारीक तारेत दहा-वीस हजार व्होल्ट तयार होतात. तेच जाड वायरीने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये, रोटरवरून त्या त्या प्लगला जातात आणि ठिणगी पडते. पॉइंटच्या शेजारी छोटा कंडेन्सर असतो. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडून ते जळू नयेत आणि प्रवाह चटकन तुटावा, एवढं त्याचं काम.

आता हिशेब करा. चार सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोन ठिणग्या मागतं. मिनिटाला ३,००० फेरे असतील तर ६,००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००. पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. त्यातल्या चार-पाच चुकल्या की गाडी ‘मिसिंग मारते’, सगळ्या चुकल्या की बंद पडते.

झीज आणि अधूनमधूनचा बिघाड यांत इथेच फरक करायला शिका. पॉइंटचा फायबरचा पाय हळूहळू झिजतो, गॅप कमी होते, टायमिंग मागे जातं. हे आठवड्या-महिन्यांत वाढत जाणारं दुखणं. अधूनमधूनचा बिघाड तसा नसतो. तो असतो किंवा नसतो. म्हणून ‘गाडी जुनी झाली’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. गाडी सकाळी जेवढी जुनी होती तेवढीच दुपारी आहे, मग सकाळी का चालली? आपल्या प्रबंधांतही असंच असतं. ‘वसाहतवादामुळे’, ‘जागतिकीकरणामुळे’ ही कारणं सतत हजर असतात. सतत हजर असलेलं कारण कधीतरीच घडणाऱ्या घटनेचा खुलासा एकटं करू शकत नाही. त्याच्या जोडीला त्या वेळी काय बदललं, ते दाखवावं लागतं.

‘खारी हवा’ हे एक उत्तर की दोन?

किनाऱ्यावर कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: “खाऱ्या हवेचं आहे हो.” चुकीचं नाही. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बाकीचे महिने दमट वारा. पण या उत्तराच्या आत दोन अगदी उलटी कारणं दडलेली आहेत.

पहिलं १२ व्होल्टच्या बाजूचं. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की ताक कळकतं, हे आपल्याकडे प्रत्येक घरात ठाऊक होतं. तसंच तांब्या-पितळेचं टर्मिनल खाऱ्या दमट हवेत कळकतं, त्यावर हिरवा थर चढतो. लोखंडी बॉडीला जिथे अर्थची वायर बसवलेली असते तिथे गंज धरतो. हा थर वीज अडवतो. कॉइलच्या जाड गुंडाळीचा रोध साधारण ३ ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टला ४ अँपिअर प्रवाह. वाटेतल्या कळकलेल्या सांध्याने दीड ओहम वाढवला तर प्रवाह २.७ अँपिअरवर येतो. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती निम्म्याहूनही खाली जाते. गाडी सपाटीवर चालेल, चढावर पिकअप मागितला की खोकेल.

दुसरं कारण जास्त व्होल्टच्या बाजूचं. कॅपवर, प्लगच्या वायरींवर ओल आणि मिठाचा पातळ थर बसला की तो थर वीज वाहून नेतो. वीस हजार व्होल्टना प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा ओल्या कॅपवरून सरपटत अर्थला जाणं सोपं पडतं. वारंवार झालं की कॅपच्या आत कोळशाची बारीक रेघ उमटते आणि मग ऊन पडलं तरी वीज तीच वाट धरते. अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं तर ही गळती निळसर धाग्यांसारखी दिसते.

म्हणजे बघा, तीच खारी हवा एका ठिकाणी वीज जायला हवी तिथे अडवते, आणि दुसऱ्या ठिकाणी जायला नको तिथे जाऊ देते. पहिल्याला उपाय सांधे घासणं, दुसऱ्याला कॅप आणि वायरी कोरड्या करणं किंवा बदलणं. एकाचा उपाय दुसऱ्याला केलात तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ‘खारी हवा’ हे पार्श्वभूमीचं नाव आहे. कारण सांगायचं तर ती कुठल्या सांध्यात, कुठल्या मार्गाने काम करते हे सांगावं लागतं. तुमच्या प्रबंधात ‘सामाजिक परिस्थितीमुळे’ असं वाक्य आलं की स्वतःला विचारा: कुठल्या टर्मिनलवर?

याच रस्त्यांवरच्या डिझेल गाड्या तुलनेला ठेवा. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरची मिनीडोर, डिझेलची एसटी, बंदरातल्या मच्छीमार बोटींची डिझेल इंजिनं या सगळ्यांना हवा तीच. पण डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, इंधन दाबाने पेटतं. म्हणून त्यांना गंज लागतो, बिघाड होतात, पण हा बिघाड होत नाही. परिस्थिती समान ठेवून एक घटक वेगळा असलेलं उदाहरण शोधणं, यालाच पद्धतीच्या पुस्तकात तुलनात्मक पद्धत म्हणतात.

बंद पडली तो क्षण

समजा, १९८०च्या दशकातली एक पद्मिनी आहे. मे महिना, दुपारी चढ चढताना बंद पडते, अर्ध्या तासाने सुरू होते. इथे दोन संशयित समोर येतात आणि दोघांची लक्षणं सारखी. एक म्हणजे व्हेपर लॉक. पेट्रोल पंप तापून नळीत पेट्रोलची वाफ होते, कार्बोरेटरला पेट्रोल मिळत नाही. म्हणून तर जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे. दुसरा संशयित तापलेली कॉइल. आतली बारीक तार कुठे तुटलेली असेल तर थंड असताना टोकं एकमेकांना चिकटून असतात, तापली की फाकतात. थंड झाली की पुन्हा चिकटतात. कंडेन्सरही तापल्यावर असाच दगा देतो.

फरक कसा करणार? थांबून राहिलात तर कधीच नाही, कारण थंड झाल्यावर दोन्ही निर्दोष. गाडी बंद पडल्या पडल्या, पहिल्या दोन-तीन मिनिटांत दोनच गोष्टी बघायच्या. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येतं का, आणि इंजिन फिरवल्यावर ठिणगी पडते का. पेट्रोल आहे आणि ठिणगी नाही, तर ओलं फडकं कितीही ठेवा, उपयोग नाही.

आता दुसरं उदाहरण. गाडी खड्ड्यात आपटली की क्षणभर मरते. इथे उष्णता नाही, हादरा आहे. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटला जाणारी एक छोटी वायर असते. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सबरोबर आतली प्लेट हलते तसतशी ही वायर रोज हजारदा वाकते. वरचं आवरण शाबूत आणि आत तार तुटलेली, असं व्हायला वेळ लागत नाही. डोळ्यांना ती वायर ठणठणीत दिसते. स्विचचे झिजलेले आतले संपर्क, ढिलं बॅटरी टर्मिनल हीसुद्धा हादऱ्याचीच भावंडं.

इथे एक जुनी युक्ती आहे. कॉइलला जिथे स्विचकडून वीज येते, त्या टोकापासून एक वायर काढून ड्रायव्हरसमोर छोटा बल्ब लावायचा, त्याचं दुसरं टोक अर्थला. मग नेहमीसारखी गाडी वापरायची. गाडी मेली आणि त्याच क्षणी बल्बही विझला, तर दोष कॉइलच्या अलीकडे, म्हणजे बॅटरी, स्विच, वायरिंगमध्ये. गाडी मेली पण बल्ब जळत राहिला, तर त्या अलीकडच्या भागाकडे तूर्त बघायचं कारण नाही. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, कॅप इकडे या. एका बल्बने अर्धी गाडी संशयातून मोकळी होते. तो बल्ब काही दुरुस्त करत नाही. तो फक्त घटना घडते त्या वेळी हजर असतो.

मीटर लावतानाही एक खोच आहे. प्रवाह वाहत नसताना कळकलेल्या सांध्यापलीकडे मीटर लावला तर तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. प्रवाह वाहायला लागला की मगच त्या सांध्यावर व्होल्ट खर्च होताना दिसतात. साधनं ताणाखाली तपासायची असतात, हे इतिहासालाही लागू आहे. एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल वाचून तिचा कारभार सुरळीत वाटेल. दुष्काळाच्या, संपाच्या किंवा साथीच्या वर्षाचा पत्रव्यवहार काढा, मग कुठला सांधा कळकला होता ते दिसतं.

कुलाब्याहून अलिबागला: दोन वर्षांची समांतर नोंद

विजेचा त्रास ओळखून काढण्याचं या किनाऱ्यावरचं सर्वांत मोठं उदाहरण गाडीचं नाहीच. ते अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचं आहे.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी चालू होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. मग सुई हलली तर ती पृथ्वीमुळे हलली की ट्राममुळे, हे कसं ओळखणार? वेधशाळेचे संचालक होते नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटर दक्षिणेला अलिबागची जागा निवडली गेली. चुंबकाला ओढणारं काहीही वापरायचं नाही अशा बेताने इमारती बांधल्या आणि १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या. विजेची ट्राम मुंबईत प्रत्यक्ष धावली ती मे १९०७ मध्ये.

आता मधल्या काळाकडे नीट बघा. अलिबाग सुरू झाल्याबरोबर कुलाबा बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंद घेतली गेली. का? नुसतं एक बंद करून दुसरं सुरू केलं असतं, तर आकड्यांतला फरक पृथ्वी बदलल्यामुळे की जागा बदलल्यामुळे, हे पुढे कुणालाही सांगता आलं नसतं. समांतर नोंदीमुळे जागेचा फरक मोजता आला आणि कुलाबा-अलिबाग ही नोंदींची मालिका एकसंध राहिली. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळाच्या नोंदी १९१० मध्ये प्रसिद्ध केल्या. ही मालिका आज जगातल्या प्रदीर्घ चुंबकीय नोंदींमध्ये गणली जाते आणि भारतीय भूचुंबकत्व संस्था ती पुढे चालवते.

हीच रीत आपल्या पद्मिनीला लावता येते. कॉइलवर संशय आहे ना? नवी आणून बसवू नका. तशाच दुसऱ्या, धडधाकट चालणाऱ्या गाडीची कॉइल आपल्या गाडीत आणि आपली तिच्यात टाका. दोन्ही गाड्या त्याच दिवसांत, त्याच रस्त्यांवर चालवा. दुखणं कॉइलबरोबर दुसऱ्या गाडीत गेलं, तर कॉइल दोषी. आपल्याच गाडीत राहिलं, तर कॉइल निर्दोष आणि तुमचे पैसे वाचले.

कावळा आणि फांदी

नवा भाग बसवून मोकळं होण्यात काय वाईट आहे? बरेचदा दुखणं थांबतं की!

इथेच अडचण आहे. कंडेन्सर बदलताना माणूस डिस्ट्रिब्युटरची कॅप काढतो, पुसतो, वायरी उपटून पुन्हा घट्ट बसवतो, जमल्यास पॉइंटवर पॉलिश पेपरही मारतो. एका हालचालीत चार गोष्टी बदलल्या. गाडी आठवडाभर नीट चालली. श्रेय मिळालं कंडेन्सरला. खरं तर ढिली वायर घट्ट बसल्याने फरक पडलेला असू शकतो. ती पुन्हा ढिली झाली की दुखणं परत येतं आणि म्हटलं जातं, “कंडेन्सर डुप्लिकेट निघाला.” आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

अधूनमधूनच्या बिघाडात हा धोका दुप्पट असतो, कारण तो काही न करताही थांबतो. म्हणून ‘उपाय केला आणि थांबलं’ हा पुरावा पुरत नाही. जुना भाग परत बसवल्यावर दुखणं परत येतं का, हे बघावं लागतं. इतिहासात आपल्याला घटना परत घडवता येत नाहीत. मग काय करायचं? तोच उपाय झाला पण परिणाम वेगळा आला अशी ठिकाणं शोधायची, आणि परिणाम आला पण तो उपाय झालाच नव्हता अशीही. दोन्ही शोधल्याशिवाय ‘अमुक कायद्यामुळे तमुक घडलं’ असं लिहू नका.

दोन दुकानं, एक बिघाड

या सगळ्यात पैसे कुणाचे जातात, हा प्रश्न सोडून चालणार नाही. आपल्या बाजारात काम वाटलेलं असतं. इंजिन, पेट्रोल, कार्बोरेटर मेकॅनिककडे. बॅटरी, वायरिंग, डायनॅमो ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. इग्निशन दोघांच्या मधल्या कुंपणावर बसलेलं. मेकॅनिक म्हणतो ‘करंट नाही’, इलेक्ट्रिशियन म्हणतो ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आहे’. दोघंही प्रामाणिक असू शकतात, कारण त्यांच्यासमोर गाडी बंद पडतच नाही. गाडी या दुकानातून त्या दुकानात फिरते. भाड्याची गाडी असेल तर मालक शेवटी म्हणतो, ‘तुला चालवता येत नाही.’ ज्या बिघाडाचा पुरावा दाखवता येत नाही, त्याचा दोष सगळ्यांत कमी ताकदीच्या माणसावर येऊन बसतो. रोजचं भाडंही त्याचंच बुडतं.

म्हणून निदानाचा इतिहास हा विश्वासाचाही इतिहास आहे. केव्हिन बोर्ग याने ‘ऑटो मेकॅनिक्स’ (२००७) या पुस्तकात अमेरिकेतल्या मेकॅनिकची सामाजिक जागा कशी घडली हे दाखवलं आहे. ज्युलियन ऑर याच्या ‘टॉकिंग अबाउट मशिन्स’ (१९९६) मध्ये झेरॉक्स यंत्रं दुरुस्त करणारे लोक भेटतात. ते छापील सूचनांपेक्षा एकमेकांना सांगितलेल्या किश्शांवर जास्त विसंबतात, असं त्याला दिसलं. रायगडच्या गॅरेजांवर असं काम करायला जागा मोकळी आहे.

आठवण कुणाकडे असते?

अमेरिकेत १९७०च्या दशकात पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. आपल्याकडे नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन रुळलं ते २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर, आणि २०१० नंतर टप्प्याटप्प्याने ओबीडी. आता गाडीतला संगणक बिघाडाचा कोड साठवतो, त्या वेळचं तापमान आणि इंजिनचा वेगही टिपतो. म्हणजे नव्या गाडीच्या पोटात स्वतःचं दप्तर आहे.

पद्मिनीला दप्तर नव्हतं. तिच्या बिघाडाची नोंद होती ड्रायव्हरच्या बोलण्यात: ‘मिसिंग मारते’, ‘झटके देते’, ‘गरम झाली की मरते’, ‘पावसात उठत नाही’. नीट ऐका, यातला प्रत्येक शब्द वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतो. ‘गरम झाली की’ म्हणजे कॉइल किंवा कंडेन्सर, ‘पावसात’ म्हणजे कॅप आणि वायरी, ‘खड्ड्यात’ म्हणजे तुटकी तार. ही निव्वळ बोलीभाषा नाही, ही वर्गीकरणाची पद्धत आहे आणि ती कुठेही लिहून ठेवलेली नाही.

मुंबईतली शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. भाग कुर्ल्याच्या भंगारात आणि चोरबाजारात विखुरतील, काही गाड्या हौशी लोक जपतील. पॉइंट घासणारे हात मात्र आता साठी-सत्तरीत आहेत.

तुमच्या आराखड्यासाठी

या विषयावर किंवा याच्या जवळपासच्या विषयावर काम करायचं मनात असेल, तर काही गोष्टी आत्ताच ठरवा. मुलाखतीला जाताना ‘गाड्या का बंद पडायच्या?’ असं विचारू नका, ‘खारी हवा’ हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: शेवटची बंद पडली ती कुठे? किती वाजता, कुठला महिना? आधी काय तपासलं, मग काय? काय बदललं आणि दुखणं परत कधी आलं? पैसे कुणी दिले? एकाच गाडीबद्दल ड्रायव्हर, मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन अशा तिघांशी वेगवेगळं बोला. ही तुमची कुलाबा-अलिबाग समांतर नोंद. बोलणं जमल्यास उघड्या बॉनेटपुढे करा. हातात डिस्ट्रिब्युटरची कॅप असली की माणसाला जे आठवतं, ते खुर्चीत बसून आठवत नाही.

आणि एकापेक्षा जास्त कारणं शक्य असतील तर ती सगळी लिहा. प्रत्येकापुढे लिहा की कुठला पुरावा मिळाला तर हे कारण बाद होईल. तो पुरावा शोधायला निघालात की तुमच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण सुरू झालं म्हणून समजा.